प्रार्थनेच्या फळ्यावरचा तिसरा रकाना

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या संपादक बाई तीनदा घरी येऊन गेल्या. "सुमनताई, दिवाळी अंकाला दवाखान्यातले अनुभव द्या. जरा हलकंफुलकं बघा हं, लोक फराळ खात वाचतात." मी म्हटलं, बाई गं, माझं सगळं आयुष्य ड्रेसिंग रूममध्ये गेलं. जखमा धुतल्या, पू काढला, पट्ट्या बांधल्या. चकली खात वाचण्यासारखं त्यात काय असणार? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तरी पाहा." तर पाहते.

आम्ही जबलपूरचे मराठी ख्रिस्ती. माझे आजोबा नागपूरकडून इथल्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देते. मीही त्याच दवाखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. लिहिताना मी नावं मात्र कोणाचीच देणार नाही, मोहल्ल्यांचीसुद्धा नाही. का, ते पुढे कळेलच.

ड्रेसिंग म्हणजे पट्टी बांधणं असं लोकांना वाटतं. खरं काम पट्टी सोडण्याचं आहे. आतली जाळी जखमेला चिकटून बसते. ओढली तर नवं मांस तिच्यासोबत निघून येतं आणि चार दिवसांची मेहनत पाण्यात. म्हणून सलाईनचं पाणी सोडायचं आणि ती भिजेपर्यंत थांबायचं. त्या थांबण्यात पेशंटला बोलतं ठेवायचं, नाहीतर तो जखमेकडे पाहतो आणि घाबरतो. सदर छावणीतला एक सुभेदार, ह्या एवढ्या मिशा, सीमेवर गोळी खाऊन आलेला माणूस, कात्री पाहिली की डोळे पांढरे करायचा. त्याला मी मुलीच्या लग्नाचं विचारायची. मग तो हलवायावर असा चिडायचा की पट्टी कधी सुटली ते त्याला कळायचं नाही. भाजलेल्या हाताला टूथपेस्ट थापून येणाऱ्यांची तर गिनतीच नाही. एका बाईने वर हळद, त्यावर तूप, त्यावर कणीक लावली होती. मी म्हटलं, दीदी, आता तव्यावरच टाकायचं बाकी आहे. तीही हसली बिचारी, हात तसाच धरून.

तर हात कामात आणि तोंड गप्पांत, असं माझं आयुष्य. त्या स्टुलावर बसून लोकांनी मला काय काय सांगितलं! पोटात ठेवायची सवय होती मला. निदान मला तसं वाटायचं.

आता फळ्याचं सांगते. आमच्या दवाखान्यात दिवसाची सुरुवात प्रार्थनेने व्हायची. बाहेरच्या व्हरांड्यात, जिथे पेशंट नंबर लावून बसतात, तिथे भिंतीवर एक काळा फळा होता. त्याला तीन रकाने आखलेले. पहिल्यात नाव, दुसऱ्यात गाव नाहीतर मोहल्ला आणि खाट, तिसऱ्यात प्रार्थना कशासाठी करायची ते. 'ताप उतरावा.' 'मुलाला नोकरी.' 'ऑपरेशन.' प्रत्येक वॉर्डाची सिस्टर आपापली नावं लिहायची. मग मेट्रन बाई, डॉक्टर, आया, झाडूवाला, सगळे उभे राहायचे, पाळक साहेब एकेक नाव मोठ्याने वाचायचे आणि आम्ही आमेन म्हणायचो. पेशंट कोणत्याही धर्माचे असोत, फळ्यावर नाव आलं नाही तर रुसायचे. डॉक्टरांच्या गोळीपेक्षा त्या खडूवर भरवसा जास्त. कितीजण तर नाव आहे की नाही ते आधी वाचून मगच नंबर लावायचे.

त्यातली एक अम्मा. साखरेच्या आजाराने पाय सडत चाललेला, आठवड्यातून दोनदा ड्रेसिंगला यायची. तिचा मुलगा स्कूटरवर आणून सोडायचा. तिशीतला उंच पोरगा, कधी आत आला नाही, बाहेर खांबाला टेकून उभा राहायचा. एक दिवस अम्मा म्हणाली, "सिस्टर, इसका नाम लिख दो. संगत बिगड़ गई है. मेरी सुनता नहीं, शायद ऊपरवाले की सुन ले." मी त्याचं नाव लिहिलं. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'मन शांत व्हावं.' अम्माला वाचता यायचं नाही, म्हणून ती येता-जाता त्यालाच विचारायची, बघ रे, तुझं नाव आहे ना अजून? आणि तो खालच्या मानेने जायचा, वाचून यायचा.

मग ती दंगल झाली. दंगल म्हणजे पेपरात दोन ओळी आल्या असतील तेवढीच. दोन मोहल्ले, एक मिरवणूक, कोणत्या गल्लीतून न्यायची त्यावरून शब्दाला शब्द, मग दगड. दुपारी तीनपासून आमच्याकडे माणसं येऊ लागली ती अंधार पडेपर्यंत. ह्या मोहल्ल्याची चार, त्या मोहल्ल्याची पाच, आणि ज्यांचा कशाशी संबंध नव्हता अशी आणखी. नातेवाईक वॉर्डातसुद्धा सुरू झाले. आमची खाट त्या बाजूला करा, ह्याच्या शेजारी आमचा माणूस निजणार नाही. मेट्रन बाई नागपूरच्या, आवाज असा की खिडक्या वाजाव्या. म्हणाल्या, "काहून भांडून राहिले? खाट जिथे रिकामी तिथे माणूस निजंल. मोहल्ला बाहेर ठेवून या, चपलांपाशी." आणि खरंच सगळे गप्प झाले. एकाच पातेल्यातली खिचडी सगळ्यांना वाढली. पुढचे दिवस रस्ते बंद होते, तर पाळक साहेब आणि मी पट्ट्यांची पिशवी घेऊन दोन्ही मोहल्ल्यांत पायी फिरलो. ज्यांना येता येत नव्हतं त्यांचं घरी जाऊन केलं. दोन्हीकडच्या पोरांनी वाट दिली. त्या दिवसांचा मला अभिमान आहे, तो मी लपवणार नाही.

पण त्याच दिवसांत ते झालं.

तीन नंबरच्या खाटेवर एक शिंपी होते. सगळे त्यांना मास्टर म्हणायचे, मीही म्हणते. दंगल सुरू होताच ते दुकानाचं शटर आतून खाली ओढत होते. उजवा हात खालच्या फटीत असताना कोणीतरी बाहेरून शटर खाली खेचलं आणि त्याच्या खालच्या पट्टीवर पाय देऊन उभं राहिलं. मास्टर आत अंधारात, हात बाहेर. कोण होतं ते त्यांना दिसलंच नाही. दोन बोटं गेली, बाकीची लाकडासारखी झाली. शिंप्याचा उजवा हात.

सात नंबरवर बरगी धरणाकडचा एक मासळीवाला होता. सायकलवर टोपली घेऊन विकायला आला आणि डोक्यात दगड बसला. टाके घातल्यावर मी पट्टी बांधत होते, तेव्हा तो हळूच म्हणाला, "सिस्टरजी, मैंने देखा है शटर पे कौन खड़ा था. पहचानता हूँ. उसने भी मुझे देखा है." पोलीस सकाळी जबाब घ्यायला येणार होते, त्यांना सांगतो म्हणाला. फक्त तोपर्यंत मी इथे आहे हे बाहेर जाऊ देऊ नका, मला त्याच रस्त्याने रोज यावं लागतं. मी म्हटलं, भैया, निश्चिंत राहा, माझ्या तोंडून शब्द निघणार नाही.

आणि नाही निघाला. पेपरवाला आला, त्याला हाकललं. एक पुढारी भेटायला आला, त्याला दारातून परत पाठवलं. अशी ताठ मानेने फिरत होते, विचारू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर आले, खडू उचलला आणि वॉर्डातली सगळी नावं फळ्यावर लिहिली. मासळीवाल्याचं नाव, बरगी, खाट सात, डोक्याला मार. सुवाच्य अक्षरात. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून सगळे वाखाणायचे.

तुम्ही म्हणाल, बाई, तुमच्या डोक्यात भुसा भरला होता का? मीही स्वतःला हेच विचारते. पण खरं सांगते, फळा म्हणजे 'बाहेर' हे माझ्या मनातच आलं नाही. फळा देवाचा. पेपरवाल्याला सांगणं म्हणजे बाहेर सांगणं. प्रभूला सांगणं म्हणजे, म्हणजे घरातल्या घरात. पाळक साहेबांनी नाव वाचलं, मी डोळे मिटून आमेन म्हटलं आणि मला बरंसुद्धा वाटलं.

तो अम्माच्या ड्रेसिंगचा दिवस होता. रस्ते बंद, तरी मुलाने तिला गल्लीबोळातून आणलं. ती आत माझ्या स्टुलावर आणि तो बाहेर. आईच्या सांगण्याप्रमाणे आपलं नाव आहे का ते वाचायला फळ्यापाशी गेला. त्याचं नाव होतं. त्याच्याखाली दोन ओळी सोडून मासळीवाल्याचं होतं, खाटेच्या नंबरासकट.

तासाभराने मी वॉर्डात गेले तर सात नंबरपाशी तो आणि आणखी दोघे बसलेले. हातात केळ्यांचा घड. अगदी सभ्यपणे बोलत होते, तब्येत कशी आहे, घरी कोण कोण असतं, मुलं किती. एक केळं सोलून त्यांनी त्याच्या हातात दिलं. मासळीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतून मला सगळं कळलं, शटरवर कोण उभा होता तेही. मी काय केलं? "भेटायची वेळ संपली," असं म्हटलं. एवढंच सुचलं मला!

पोलीस सकाळी येणार होते ते दुपारी आले. मासळीवाला म्हणाला, "कुछ नहीं देखा, साहब. भीड़ थी." संध्याकाळी डोक्याला पट्टी तशीच ठेवून तो बरगीला निघून गेला. मी गेटपर्यंत धावले. माफी मागायची होती, पण तो आधीच हात जोडून म्हणाला, "आप किसी को कुछ मत बोलना, सिस्टरजी. बच्चे हैं मेरे." केळी खाटेवर तशीच राहिली होती. आयाने विचारलं, वाटू का? मी म्हटलं, फेक. त्या वॉर्डात अन्न कधी फेकलं जात नव्हतं, ती माझ्याकडे बघतच राहिली.

मी मेट्रन बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर नावं बंद, फक्त खाटेचे नंबर. पाळक साहेब म्हणाले, देवाला नावाची गरज नाही. असेल. पण पेशंट फार चिडले. एक म्हातारे म्हणाले, नंबर तर कैद्याचा असतो. आणि घोळ किती व्हायचे! नऊ नंबरची बाळंतीण घरी गेली, तिच्या जागी हर्नियाचा ठेकेदार आला, आणि आम्ही सकाळी नऊ नंबरला दूध भरपूर यावं म्हणून आमेन म्हटलं. सगळे हसले, मीही हसले. मग ड्रेसिंग रूमचं दार लावून रडले.

मास्टरचा हात बरा व्हायला बरेच महिने लागले. सोमवारी मास्टर, मंगळवारी अम्मा, त्याच स्टुलावर. अम्मा म्हणायची, सिस्टर, तुमच्या प्रार्थनेने मुलगा सुधरला, आता संध्याकाळी घरी असतो. मला तिच्या मुलाचा इतका राग होता की तिचा पाय धुताना हात जड व्हायचा. मग लाज वाटायची, ह्या बिचारीने काय केलं? आणि मास्टर, पट्टी भिजेपर्यंतच्या वेळात, दर सोमवारी विचारायचे, "सिस्टर, कौन रहा होगा?" चिडून नाही. नुसतं, हिशोब न जुळलेल्या माणसासारखं. माझ्या हातात कापूस असायचा आणि तोंडाशी नाव. मासळीवाल्याला शब्द दिलेला. एक शब्द मोडला होता, म्हणून दुसरा घट्ट धरून बसले. की भित्री होते? की अम्मा यायची बंद होईल म्हणून? मला अजूनही ठरवता येत नाही. पाळक साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, प्रार्थना करा. मी म्हटलं, साहेब, तिथूनच तर सुरुवात झाली.

पुढे अम्मा वारली. महिन्याभराने तो मुलगा आला. पहिल्यांदा आत आला. हातात पिशवी, त्यात उरलेल्या पट्ट्या, कापूस, न उघडलेली मलमं. "अम्मा का सामान है. किसी के काम आ जाएगा." मी पिशवी घेतली. तो स्टुलावर बसला, आई बसायची तसाच, पाय पुढे करून. मग म्हणाला, शटर त्याने खेचलं होतं. आत हात आहे हे आधी माहीत नव्हतं. "चिल्लाया तब मालूम पड़ा." पुढे केलेले पाय त्याने मागे घेतले. "फिर भी पैर नहीं हटाया."

त्याने विचारलं, मास्टर आता कुठे असतात?

मला माहीत होतं. मास्टरनी जुनं दुकान सोडून सदरमध्ये एका व्हरांड्यात मशीन टाकली होती, फौजी लोकांचे कपडे अल्टर करून द्यायचे. माझ्या डोळ्यांपुढे केळ्यांचा घड आला. मी म्हटलं, "मला नाही माहीत." तो म्हणाला, ठीक है. जाताना फळ्यापाशी थांबला. "अब नाम नहीं लिखते?" मी म्हटलं, नाही, आता नंबर असतात. त्याने मान हलवली आणि गेला. त्याला पत्ता काहून पाहिजे, हे मी विचारलंच नाही. ह्या वेळी चुकले नाही, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

ह्याला आता काही वर्षं झाली. मी रिटायर होऊन घरी बसले. तीन आठवड्यांपूर्वी मुलीचा कुर्ता सैल करायला घेऊन सदरमध्ये मास्टरकडे गेले. ते आता डाव्या हाताने कापतात. कुर्त्यावर खडूने खुणा करत होते आणि मी हवापाण्याचं बोलत होते. खाली मान घालून ते म्हणाले, "अब तो बता दो, सिस्टर."

"काय सांगू?"

"तुम्ही ओळखता त्याला." ते हिंदीतच बोलत होते, मी आपल्या भाषेत लिहिते. "मी दर सोमवारी विचारायचो ना, कोण असेल? तुमचा हात नेहमी हलका. पण मी विचारलं की पट्टी घट्ट बसायची. प्रत्येक वेळी. घरी जाऊन मी सैल करून घ्यायचो."

माझे हात मांडीवर होते, मी ते पदराखाली घेतले. अहो, तीस वर्षं ज्या हातांचा गर्व केला, त्यांनी दर सोमवारी माझी चुगली केली होती.

मग मी सगळं सांगितलं. फळा, केळी, मासळीवाला, अम्मा, पिशवीतल्या पट्ट्या. मास्टर कुर्त्यावर खुणा करत राहिले. मुलगा त्यांचा पत्ता विचारत आला होता हे सांगितलं तेव्हा मात्र हातातला खडू थांबला.

"तो वो आया था."

"हो."

"और तुमने भेजा नहीं."

मी म्हटलं, मास्टर, मला भीती वाटली, तो पुन्हा तुम्हाला काही करील. ते म्हणाले, "हो, केलंही असतं. नसतंही केलं. मला कळलं असतं." व्हरांड्यात बसतो कारण शटरखाली बसवत नाही, आणि येणाऱ्या प्रत्येक उंच माणसाच्या पायांकडे आधी बघतो, असंही म्हणाले. मग त्यांनी कापडाचा एक तुकडा माझ्यापुढे सरकवला, वर खडू ठेवला. "लिख दो."

मी विचारलं, "काहून पाहिजे, मास्टर? पोलिसात जाणार? की...?"

"त्याला विचारलं होतं, काहून पाहिजे म्हणून?"

"नाही."

"मग मलाही नका विचारू."

मी खडू उचलला. किती वर्षांनी हातात खडू! नाव लिहिलं. थोडी जागा सोडून मोहल्ला लिहिला, अम्माच्या कार्डावरचा पत्ता मला पाठ होता. पुन्हा जागा सोडली आणि हात आपोआप पुढे गेला, तिसऱ्या रकान्यात, आणि तिथे अडला. मास्टर वाट पाहत होते, लिहायचं अजून बाकी आहे असं समजून. "आगे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुढे काही नाही, एवढंच. त्यांनी तुकड्याची घडी केली, मशीनच्या खणात बटणांसोबत ठेवली आणि म्हणाले, कुर्ता शुक्रवारी घेऊन जा.

तीन शुक्रवार गेले. मुलगी रोज विचारते, "मम्मी, मेरा कुर्ता?" मी म्हणते, आणते. सदरला जायला ऑटोत बसते आणि मधेच उतरून भाजी घेऊन परत येते. व्हरांड्यात मास्टर नसले तर? असले, आणि शेजारी अम्माचा मुलगा बसलेला असला तर? दोन्हीची मला सारखीच भीती का वाटते, ते कळत नाही. रोज सकाळी प्रार्थनेला बसते. आधी मास्टरचं नाव घेते, मग त्याचं. नाव घेऊन होतं, गाव घेऊन होतं. पुढे, तिसऱ्या रकान्यात, काय मागायचं ते सुचत नाही, आणि गॅसवर ठेवलेलं दूध उतू जातं.